पॉर्फिरिने आणि रेणुसंवेदन
पॉर्फिरिने आणि रेणुसंवेदन : चार पायरोल वलये चार कार्बन अणूंच्या दुव्यांनी एकमेकांस जोडली जाऊन बनलेल्या मोठ्या, सपाट व तीव्र रंगाच्या कार्बनी वलयांच्या गटास पॉर्फिरिने ही संज्ञा आहे. ‘जांभळा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. रक्तास तांबडा रंग देणारे हीम हे लोहयुक्त पॉर्फिरिन होय. वनस्पतींतील हरितद्रव्य याच कुळातील असून त्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम असते. एखादा परका रेणू वा आयन पॉर्फिरिनास येऊन मिळाला, तर त्याचा रंग, त्याने फेकलेला प्रकाश किंवा त्याची विद्युत् संवाहकता बदलते. या बदलावरून त्या रेणूचे अस्तित्व व प्रमाण ओळखणे म्हणजे रेणुसंवेदन. पॉर्फिरिनांचा अभ्यास एकोणिसाव्या शतकात रक्ताच्या रंगाचे कोडे म्हणून सुरू झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला ही दुसरी दिशा मिळाली.

संरचना व रंग : पॉर्फिरिनाच्या वलयात एकाआड एक द्विबंध असतात व त्यांतील १८ इलेक्ट्रॉन सर्व वलयभर फिरू शकतात. त्यामुळे दृश्य प्रकाशाचे शोषण अतिशय जोरदार होते. सु. ४०० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ एक तीव्र शोषण पट्ट आढळतो. रक्ताच्या वर्णपटाचा अभ्यास करताना झाक लुई सोरे या स्विस शास्त्रज्ञांना तो १८८३ मध्ये आढळला, म्हणून त्यास सोरे पट्ट म्हणतात. ५०० ते ७०० नॅनोमीटर या टप्प्यात आणखी काही क्षीण पट्ट असतात. धातुविरहित पॉर्फिरिनात ते चार असतात. मध्यभागी धातू बसली की वलयाची सममिती वाढते व ते सामान्यतः दोनच उरतात. धातू बसली आहे की नाही, हे केवळ वर्णपटावरून सांगता येते ते यामुळेच.

शोषलेला काही प्रकाश पॉर्फिरिन लाल रंगाच्या रूपाने परत फेकते (अनुस्फुरण). शहापूर-मुरबाडच्या रानातील सागाचे वा पळसाचे हिरवे पान स्पिरिटमध्ये चुरडून गाळलेला विद्राव जंबुपार दिव्याखाली धरला, तर तो हिरवा न दिसता गडद लाल दिसतो. जिवंत पानात हाच प्रकाश अन्ननिर्मितीच्या कामी लागत असल्याने ही लाली फारशी दिसत नाही.

वलयाच्या मध्यभागी चार नायट्रोजन अणू आत तोंड करून असतात. केंद्रापासून त्यांचे अंतर सु. ०·२ नॅनोमीटर असून त्या पोकळीत लोह, जस्त, तांबे, कोबाल्ट, मॅग्नेशियम अशा बऱ्याच धातूंचे आयन नीट बसतात. शिसे व पारा यांचे आयन मोठे असल्याने ते वलयाच्या पातळीच्या थोडे वर राहतात. वलयात बसलेल्या धातूच्या वरच्या व खालच्या बाजू पुष्कळदा मोकळ्या असतात. ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया इ. रेणू तेथेच येऊन चिकटतात. पॉर्फिरिनाची जीवसृष्टीतील उपयुक्तता आणि संवेदक म्हणून असलेली योग्यता या दोहोंचे मूळ या मोकळ्या जागेत आहे. अडचणीचे मूळही तेथेच आहे, कारण मोकळी जागा कोणालाही मोकळी असते. हीमोग्लोबिनातील लोहास कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनापेक्षा दोनशेपटीहून अधिक बळकटपणे चिकटतो. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसे दगावतात ती याच कारणाने.

हान्स फिशर : (२७ जुलै १८८१ – ३१ मार्च १९४५). पॉर्फिरिनांची रासायनिक ओळख पटविण्याचे काम मुख्यतः या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने केले. त्यांचा जन्म माइन नदीकाठच्या हक्स्ट येथे झाला. वडील रंगद्रव्यांच्या धंद्यातील रसायनतज्ञ होते. फिशर यांनी मारबर्ग येथे रसायनशास्त्राची डॉक्टरेट (१९०४) घेतली आणि नंतर म्यूनिक येथे वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले. रुग्णशय्या व परीक्षानळी या दोहोंशी असलेला हा परिचय त्यांच्या संशोधनाला वळण देणारा ठरला. इन्सब्रुक (१९१६) व व्हिएन्ना (१९१८) येथील अध्यापनानंतर १९२१ मध्ये ते म्यूनिकच्या तांत्रिक विद्यालयात प्राध्यापक झाले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. क्षयामुळे त्यांचे एक मूत्रपिंड काढावे लागले होते.

त्यांच्या आधी बरीच तयारी झालेली होती. फेलिक्स होप-झायलर यांनी १८६४ मध्ये हीमोग्लोबिन हे नाव रूढ केले. रिखार्ट व्हिलश्टेटर यांनी हरितद्रव्यात मॅग्नेशियम हा आवश्यक घटक असल्याचे दाखविले (नोबेल पारितोषिक, १९१५). विल्यम क्यूस्टर यांनी १९१२ मध्ये हीमात चार पायरोल वलये मिळून एक मोठे वलय होत असावे, असे सूत्र मांडले. ते पुढे बरोबर ठरले. पण त्या काळी ते कोणी स्वीकारले नाही. सोळा अणूंचे आतील वलय टिकाऊ असू शकेल, हेच कोणाला पटत नव्हते. खुद्द फिशरही पुष्कळ वर्षे त्याच्या विरुद्ध मताचे होते. आपल्याच प्रयोगांनी ते मत त्यांना सोडावे लागले.

फिशर यांना संशोधनाचे द्रव्य मिळाले ते एका दुर्दैवी रुग्णाकडून. माथिआस पेट्री हा जन्मजात पॉर्फिरिया या दुर्मिळ विकाराने ग्रस्त होता. या विकारात शरीरात पॉर्फिरिने साठत जातात, मूत्र गडद लाल होते आणि उजेड लागताच त्वचेवर फोड येऊन हात व चेहरा विद्रूप होत जातो. पेट्री फिशर यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून राहिला. त्याच्या मूत्रातून व विष्ठेतून वेगळ्या केलेल्या द्रव्यांच्या अभ्यासातून यूरोपॉर्फिरिन व कोप्रोपॉर्फिरिन यांतील भेद स्पष्ट झाला. पेट्री १९२५ मध्ये मरण पावला. पॉर्फिरिन व उजेड एकत्र आले की काय होते, याचा पडताळा फ्रीड्रिख मायर-बेट्झ या जर्मन वैद्याने १९१२ मध्ये स्वतःच्या देहावर घेतला होता. २०० मिग्रॅ. हीमॅटोपॉर्फिरिन टोचून घेऊन ते उन्हात गेले, तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू न येण्याइतका सुजला. प्रकाशाच्या साहाय्याने कर्करोगाच्या पेशी मारण्याचा आजचा उपचार या गुणधर्माचाच वापर करतो.

हीमाची संरचना ठरविताना खरी कसोटी लागली ती बाजूच्या गटांच्या क्रमाविषयी. पॉर्फिरिन वलयाच्या परिघावर आठ जागा असतात. हीमातून लोह काढल्यावर उरणाऱ्या प्रोटोपॉर्फिरिनात त्या जागांवर मिथिल, व्हिनिल व प्रोपिऑनिक अम्ल हे गट असतात आणि ते पंधरा निरनिराळ्या क्रमांनी मांडता येतात. विश्लेषणाने केवळ घटक कळत; क्रम कळत नसे. त्यावर फिशर यांनी योजलेला उपाय कष्टाचा पण निर्णायक होता. रचना माहीत असलेल्या पायरोलांपासून एकेक पॉर्फिरिन बनवावयाचे आणि ते रक्तातील पॉर्फिरिनाशी ताडून पाहावयाचे. त्यांच्या यादीतील नववा समघटक जुळला. आजही सर्व ग्रंथांत ‘प्रोटोपॉर्फिरिन–९’ असे लिहितात, त्यातील ९ हा आकडा म्हणजे त्या यादीतील अनुक्रमांक होय. १९२९ मध्ये हेमिनाचे संश्लेषण पूर्ण झाले आणि १९३० मध्ये फिशर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हान्स ओर्थ यांच्यासह त्यांनी लिहिलेला पायरोलाच्या रसायनावरील ग्रंथ (१९३४–४०) दीर्घकाळ या विषयाचा आधारग्रंथ राहिला. हरितद्रव्याची संरचना त्यांनी जवळजवळ पूर्ण उलगडली. त्याचे संपूर्ण संश्लेषण मात्र आर्. बी. वुडवर्ड यांच्या हातून १९६० मध्ये झाले. बाँबहल्ल्यांत म्यूनिकची संस्था उद्ध्वस्त झाली, तेव्हा आयुष्यभराचे काम संपले या निराशेने फिशर यांनी महायुद्ध संपण्यास सहाएक आठवडे उरले असता आत्महत्या केली.

सुलभ संश्लेषण : फिशर यांची रीत लांबलचक होती व तीत हाती येणारे द्रव्यही थोडे असे. पाउल रोथेमुंड यांनी १९३५ च्या सुमारास पायरोल व आल्डिहाइड एकत्र तापवून एकदम वलय बनविण्याची रीत दिली. ॲडलर व लाँगो यांनी १९६७ मध्ये तीच विक्रिया उकळत्या प्रोपिऑनिक अम्लात उघड्यावर घडवून आणली. तीत बेंझाल्डिहाइडापासून मिळणाऱ्या टेट्राफिनिल पॉर्फिरिनाचा उतारा सु. २० टक्के येतो व थंड झाल्यावर जांभळे स्फटिक आपोआप खाली बसतात. हा उतारा कमी वाटेल. पण आठ रेणूंनी एकाच भांड्यात बरोबर क्रमाने हात धरावयाचे असतात हे लक्षात घेता तो पुष्कळच आहे. या रीतीमुळे पॉर्फिरिने साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यात आली आणि हव्या त्या गटांनी सजविलेली वलये बनविता येऊ लागली. संवेदकांचा विचार त्यानंतरच सुरू होणे स्वाभाविक होते.

वाहकापासून संवेदकाकडे : लोहाचे साधे पॉर्फिरिन विद्रावात ठेवून त्यावर ऑक्सिजन सोडला, तर हीमोग्लोबिनाप्रमाणे तो धरून सोडण्याचे काम ते करीत नाही. दोन वलये ऑक्सिजनाच्या द्वारे एकमेकांस कायमची जखडली जातात आणि लोह गंजल्याप्रमाणे निकामी होते. रक्तात असे होत नाही, कारण तेथे हीमाभोवती प्रथिनाची घडी असते व दुसरे हीम जवळ येऊ शकत नाही. स्टॅनफर्ड येथील जेम्स कॉलमन यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत वलयाच्या एका बाजूस चार उंच गट कुंपणाच्या खांबांसारखे उभे केले. त्या ‘कुंपण पॉर्फिरिना’ने सामान्य तापमानास ऑक्सिजन धरला व सोडलाही. वलयाची निवडशक्ती वलयात नसून त्याच्या भोवतालात असते, हे यावरून सिद्ध झाले.

ऑक्सिजनाचे मापन मात्र लोहाने नव्हे, तर प्लॅटिनम व पॅलेडियम यांच्या पॉर्फिरिनांनी साधले. प्रकाश बंद केल्यावरही त्यांची लाल दीप्ती क्षणाच्या अल्पांशापर्यंत रेंगाळते (प्रस्फुरण) आणि ऑक्सिजनाचे रेणू आदळले की ती लवकर विझते. ती किती लवकर विझते ते मोजले, की ऑक्सिजन किती आहे ते कळते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जेन व्हँडरकोई व डेव्हिड विल्सन यांनी १९८७ मध्ये या तत्त्वावर जैव विद्रावांतील ऑक्सिजन मोजण्याची रीत दिली. पॉर्फिरिनांच्या वर्णपटाची उपपत्ती मांडणारे मार्टिन गाउटरमन यांच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील सहकाऱ्यांनी अशा पॉर्फिरिनाचा रंगलेप विमानाच्या प्रतिकृतींना दिला. वातबोगद्यात जेथे हवेचा दाब जास्त, तेथे लेप अंधुक दिसतो.

शरीर स्वतःही एक संवेदक तयार करते. हीम बनण्याच्या अखेरच्या पायरीस लोह कमी पडले, तर प्रोटोपॉर्फिरिनात जस्त जाऊन बसते. शिशाची विषबाधा झाल्यासही हेच घडते, कारण शिसे वलयात लोह बसविणाऱ्या एंझाइमाच्या कार्यात अडथळा आणते. लोहयुक्त हीम प्रकाश फेकत नाही. जस्तयुक्त पॉर्फिरिन मात्र सु. ५९४ नॅनोमीटरला चकाकते. १९७४ मध्ये ही गोष्ट ध्यानात आल्यावर रक्ताच्या एका थेंबावरून ती चकाकी मोजणारे छोटे उपकरण अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाले. रक्तक्षय व्यापक असलेल्या ग्रामीण भागाच्या दृष्टीने अशा उपकरणाचे मोल वेगळे सांगावयास नको. मुंबईहून लोहमार्गाने आसनगावपर्यंत सहज येता येते, परंतु तेथून शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आडवळणी पाड्यांपर्यंत जाऊन गोळा केलेले नमुने शहरातील प्रयोगशाळेत धाडण्यात वेळ जातो. तपासणी जागीच झाली, तर निदान त्याच भेटीत हाती येते. या परीक्षेची मर्यादाही स्पष्ट आहे. चकाकी वाढली एवढेच ती सांगते. ती लोहाच्या अभावाने की शिशामुळे, हे सांगत नाही. शिवाय शिशाचे प्रमाण थोडे असेल तर चकाकी वाढतच नाही. त्यामुळे १९९१ मध्ये अमेरिकेत बालकांच्या रक्तातील शिशाची चिंताजनक पातळी डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली गेल्यावर शिशाच्या चाळणीसाठी ही परीक्षा अपुरी ठरली.

निवडीचा प्रश्न : संवेदक हव्या त्याच रेणूला प्रतिसाद देईल अशी व्यवस्था करणे, हा या क्षेत्रातील मुख्य प्रश्न आहे. त्यावर तीन वाटांनी काम झाले आहे.

पहिली वाट परिघावर ग्राहक गट जोडण्याची. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील व्ही. थनबाल व व्ही. कृष्णन यांनी १९८२ मध्ये पॉर्फिरिनास क्राउन ईथरांची चार कडी जोडली. पोटॅशियमाचा आयन एका कड्यात मावत नाही. तो दोन पॉर्फिरिनांची कडी एकमेकांवर आणून त्यांच्यामध्ये बसतो. त्यामुळे दोन वलये समोरासमोर येतात व वर्णपट बदलतो. धातूच्या आयनाने दोन रंगद्रव्ये जवळ आणल्याची वार्ता रंगच देतो, असे हे सुबक उदाहरण आहे.

दुसरी वाट वलयाचा गाभाच बदलण्याची. नायट्रोजनाच्या जागी गंधक, ऑक्सिजन किंवा सिलिनियम घातले, की पोकळीचा आकार व शोषण दोन्ही बदलतात. या शाखेत टी. के. चंद्रशेखर यांचे कानपूर येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेतील कार्य महत्त्वाचे असून त्यांना २००१ चे भटनागर पारितोषिक मिळाले. त्यांचे शिष्य एम्. रविकांत यांनी मुंबईत पवई येथील तंत्रविद्या संस्थेत ही परंपरा वाढविली. त्यापूर्वी मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत समरेश मित्र यांनी लोह पॉर्फिरिनांच्या चुंबकीय गुणधर्मांचा पद्धतशीर अभ्यास केला होता. चारांऐवजी पाच पायरोलांचे सॅफिरिन हे वलय वुडवर्ड यांच्या प्रयोगशाळेत अनपेक्षितपणे हाती आले होते. ते फ्ल्युओराइड आयन पोकळीत धरते, असे जोनाथन सेस्लर व सहकारी यांनी १९९० मध्ये दाखविले. यवतमाळ, चंद्रपूर इ. जिल्ह्यांतील काही विहिरींच्या पाण्यात फ्ल्युओराइड मर्यादेबाहेर असते, त्यामुळे येथील वाचकास या शोधाची उपयुक्तता चटकन लक्षात येईल. तथापि हे बंधन कार्बनी विद्रावकांत जसे घडते तसे पाण्यात घडत नाही. पाण्याचे रेणू फ्ल्युओराइडास घट्ट वेढून असतात व ते वेढे तोडणे वलयाच्या शक्तीबाहेरचे ठरते. शोधनिबंधातील रंगबदल व विहिरीवरील परीक्षा यांत केवढे अंतर असते, हे या एका उदाहरणावरून कळावे.

पॉर्फिरिनाभोवती भिंत उभारण्याचा प्रयत्न कॉलमन यांच्यानंतरही चालू राहिला. बर्लिनच्या मुक्त विद्यापीठात युर्गेन-हिनरिख फुरहॉप यांच्या मार्गदर्शनाखाली शेषनाथ भोसले यांनी सूक्ष्म कणांच्या पृष्ठावर पॉर्फिरिन आडवे ठेवून त्याभोवती लांब साखळीच्या रेणूंची ताठ भिंत रचली. अशा रीतीने तळाशी पॉर्फिरिन असलेली व सु. २ नॅनोमीटर रुंदीची विहीर तयार झाली. तिचे घनफळ लिटरच्या १०⁻²⁴ पटीच्या घरातले असल्याने तिला योक्टो-विहीर म्हणतात. तीत उतरणारा दुसरा रेणू तळाच्या पॉर्फिरिनाची चकाकी विझवितो. विहिरीच्या तोंडाहून मोठा रेणू आत येऊच शकत नाही. निवड येथे केवळ मापाने होते. भोसले यांनी पुढे जिनीव्हा येथे स्टेफान माटिले यांच्या गटात आणि नंतर ऑस्ट्रेलियात काम केले व गोवा विद्यापीठात प्राध्यापक म्हणून संशोधन केले. पॉर्फिरिनांबरोबरच नॅप्थॅलीन डायइमाइडे या रंगी संयुगांवरील त्यांचे कामही परिचित आहे.

तिसऱ्या वाटेत निवडीचा हट्टच सोडून दिलेला आहे. नाकातील कोणताही एक ग्राहक एकाच वासाला वाहिलेला नसतो. अनेक ग्राहकांच्या कमीअधिक प्रतिसादांचा एकत्र ठसा मेंदू ओळखतो. या धर्तीवर रोममधील तोर व्हेर्गाता विद्यापीठात आर्नाल्दो दामीको, कोर्रादो दी नाताले व रोबेर्तो पाओलेस्से यांनी निरनिराळ्या धातूंच्या पॉर्फिरिनांचे थर कंप पावणाऱ्या क्वॉर्ट्झ चकत्यांवर देऊन कृत्रिम नाक बनविले. वायू थरात शिरला की चकती जड होते व तिची कंप्रता उतरते. श्वासावरून फुप्फुसाच्या कर्करोगाची चाहूल घेण्याचे त्यांचे प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. इलिनॉय विद्यापीठातील नील राकाव व केनेथ सस्लिक यांनी २००० मध्ये याहून सोपी युक्ती सांगितली. पट्टीवर वेगवेगळ्या धातुपॉर्फिरिनांचे ठिपके देऊन वास सोडण्यापूर्वीचे व नंतरचे रंग ताडून पाहावयाचे. त्यांच्या पट्टीवर हवेतील बाष्पाचा फारसा परिणाम होत नाही. कोकणातील पावसाळ्यात वापरावयाच्या कोणत्याही वायुसंवेदकाची पहिली परीक्षा तीच असते.

महाराष्ट्रात या तिसऱ्या प्रकारच्या कामाचे एक ठळक उदाहरण औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे भौतिकीविज्ञ महेंद्र शिरसाट यांचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील अशोक मुलचंदानी व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी कार्बनाच्या एकपदरी सूक्ष्मनलिकांवर निरनिराळ्या पॉर्फिरिनांचा थर दिला. बाष्पनशील कार्बनी द्रव्यांची वाफ लागताच प्रत्येक थराचा विद्युत् रोध वेगळ्या प्रमाणात बदलतो व त्या बदलांच्या समूहावरून द्रव्ये ओळखता येतात (२०१२). पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस्. राधाकृष्णन व सहकारी यांनी पॉलिपायरोल या विद्युत्‌वाहक बहुवारिकात लोह पॉर्फिरिन गुंफून कार्बन मोनॉक्साइडाचा संवेदक बनविला (२००९). रक्तात ज्या आसक्तीमुळे हा वायू प्राणघातक ठरतो, तीच आसक्ती येथे सूचना देण्याच्या कामी लावलेली आहे.

अडचणी : पॉर्फिरिने उजेडात हळूहळू फिकी पडतात. प्रकाश व ऑक्सिजन यांच्या सान्निध्यात ती ऑक्सिजनाचे एक अत्यंत क्रियाशील रूप निर्माण करतात आणि ते प्रथम त्या पॉर्फिरिनावरच उलटते. पेट्रीच्या त्वचेवर फोड आणणारी हीच क्रिया संवेदकाचे आयुष्य कमी करते. परिघावर फ्ल्युओरीनचे अणू जोडल्यास वलय अधिक टिकते. थर जुना झाला की त्याचा प्रतिसाद सरकत जातो व उपकरण पुनःपुन्हा ज्ञात नमुन्यांवर लावून घ्यावे लागते. वातबोगदा किंवा रुग्णालय यांसारख्या सुसज्ज ठिकाणी हे जमते. त्यामुळे ऑक्सिजनमापनाचे पॉर्फिरिन संवेदक व्यापारी प्रमाणावर वापरात आले असले, तरी वास ओळखणारे संच प्रामुख्याने संशोधनशाळांत व काही निवडक उद्योगांतच आढळतात.